पंपाच्या गळ्यातले बिल्ले

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. स्वयंसेवक अग्निशमन पथकाच्या पंपाची पूजा झाली. जबाबदार : भांडारपाल महादेवराव.

आश्विन शुद्ध त्रयोदशी, दुपार. लाकडाच्या टालाला (वखारीला) आग लागली. फाटकावर उभे राहून आत गेलेली माणसे मोजण्यास जबाबदार : पथकाचे कार्यवाह.

आश्विन वद्य प्रतिपदा. माझा भाचा वसंत यास आज्ञाभंगाबद्दल पथकातून काढल्याचा ठराव झाला. जबाबदार : पुन्हा कार्यवाह, आणि कागद न वाचता सह्या करणारे कार्यकारी मंडळ.

भांडारपालाचे नाव पहिले का, हे वाचकांस यथावकाश कळेल. तो क्रम माझा नव्हे.

साताऱ्याहून निघताना आमच्या मासिकाच्या संपादकांनी मला बजावले होते की, नागपूरला चालला आहात तर संत्र्यांवर काही लिहा. संत्री मी खाल्ली. ती गोड आहेत. त्यापलीकडे त्या फळाविषयी मला काही सांगायचे नाही. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदारी करण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या ट्रंकेत दोन धोतरांखाली वसंताने पाठवलेली त्या ठरावाची नक्कल होती. गाडीत ती मी इतक्या वेळा वाचली की भुसावळच्या पुढे शेजारच्या प्रवाशाने सहानुभूतीने विचारले, "घरी कोणी गेलं का?" मी सांगितले की कोणी गेलेले नाही, म्हणूनच चाललो आहे.

ठरावातील वाक्य असे : "सदर स्वयंसेवकाने बाहेर येऊन आपला बिल्ला परत घेतला व त्यानंतर हुकूम मोडून तो पुन्हा आत शिरला." वाक्य नीटनेटके होते. इतक्या नीटनेटक्या वाक्यांचा मला अनुभवाने संशय येतो.

नागपूर स्टेशनाबाहेर सायकलरिक्षावाल्याने प्रतापनगरचे नाव ऐकून माझी ट्रंक विचारण्याआधीच चढवली. हा मला लांबच्या रस्त्याने नेणार, अशी खूणगाठ बांधून मी प्रत्येक वळण टिपून ठेवू लागलो. शेवटी तोच म्हणाला, "बाबूजी, काय लिहून राहिले? रस्ता मले ठावूक हाय." रस्ता सरळ होता. माझी टिपणे निष्फळ ठरली, हे प्रांजळपणे नोंदवतो.

वसंत दारात उभा होता. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत. त्याने नमस्कारासाठी वाकून हात पुढे केले आणि मग ते मागे घेतले. तो घड्याळे दुरुस्त करतो. सीताबर्डीत एका जिन्याखाली त्याचे छोटे दुकान आहे. डॉक्टरांच्या मते बोटे वळतील, पण केव्हा ते सांगता येत नाही. त्याच्या बायकोने, नलिनीने, गोळाभात वाढला (डाळीच्या भरड्याचे गोळे भातात शिजवतात व वर फोडणीचे तेल घेतात). माझ्या पानावर तेल सढळ पडले. वसंताला तिने भरवले, आणि त्या वेळी आम्ही तिघेही पानाकडे पाहत होतो.

"हातांचं होईल, मामा," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक घड्याळ परत नेऊन राहिले. म्हणतात, हा हुकूम ऐकत नाही, याच्या भरवशावर काय ठेवावं."

आगीची हकीकत मी त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतली. तिन्ही वेळा एकच निघाली. पथकाचा नियम असा की आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा पितळी बिल्ला फाटकावरच्या माणसाकडे द्यायचा आणि बाहेर आल्यावर परत घ्यायचा. ज्याचा बिल्ला फाटकावर, तो माणूस आत. फाटकवाला हे वायरलेसवरून पंपाजवळच्या माणसाला कळवतो. त्या दिवशी वसंत नळी घेऊन टालाच्या मागच्या बाजूला पोचला होता.

"पाणी जोरात होतं. अन् एकाएकी नळी हातात ढिली पडली, जशी काही तिच्यातली जानच गेली. मले वाटलं, नळी फाटली. मागं पाहतो तर कोणी नाही." तापलेला पत्रा हातांनी उचकटून तो मागच्या भिंतीच्या खिंडारातून बाहेर पडला.

"आणि बिल्ला?"

"बिल्ला दिलाच नव्हता, मामा. कोणीच दिला नव्हता. घाईत कोणाच्या ध्यानातच नाही आलं."

बिल्ला दिलाच नाही, तर तो परत कसा घेतला? येथे माझ्या कामाला दोरा सापडला.

रविवारी सकाळी मी पथकाच्या कवायतीला गेलो. वाटेत चौकातल्या टपरीवर पोहे खाल्ले. येथे पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा लालजर्द रस्सा) ओततात. मी थोडी मागितली. टपरीवाल्याची 'थोडी' ही साताऱ्याच्या दोन माणसांना पुरावी. परिणामी कवायतीचा पहिला भाग मी डोळ्यांतील पाण्यातून पाहिला.

तरीही जे दिसले ते उत्तम होते, हे कबूल केले पाहिजे. पंप आरशासारखा चकचकीत. तरुणांनी नळ्या क्षणार्धात उलगडल्या, जोड फिरवून बसवले, शिडी चढले. जुन्या लष्करी बनावटीच्या दोन वायरलेस संचांवरून रीतसर बोलणे झाले. पंपाकडून प्रश्न, "फाटक, आत किती?" फाटकाकडून उत्तर. पंपावरचा माणूस उत्तर मिळेपर्यंत झडपेला हात लावत नव्हता. मी त्याच्याजवळ जाऊन सहज विचारले की त्रयोदशीला फाटकाने काय सांगितले होते.

तो संचाची तार गुंडाळत राहिला. "सांगितलं, सगळे बाहेर. मी पाणी बंद केलं." थोड्या वेळाने म्हणाला, "काकाजी, मी वसंताच्या घरी नाही गेलो अजून. काय तोंड घेऊन जाऊ?"

शेडमधील फळीवर बिल्ल्यांसाठी नावानिशी खिळे होते. त्यांवर पत्र्याचे नवे, रंगवलेले बिल्ले होते. वसंताचा खिळा रिकामा होता. पितळी बिल्ले कोठे, असे विचारताच कवायत पाहणारे कार्यवाह स्वतः पुढे आले. गोरेपान, हसतमुख गृहस्थ. सीताबर्डीत कापडाचे दुकान. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी उभाच राहिलो.

"जुने झाले होते, बदलले," ते म्हणाले. "तुम्ही या उमरीत काहून तकलीफ घेऊन राहिले? घरचीच गोष्ट आहे. वसंता आपलाच पोरगा आहे. जरा गरम डोक्याचा, बस."

मी नोंदवही मागितली. त्यांनी ती लगेच दिली. एवढ्या तत्परतेनेही मला बरे वाटले नाही. त्रयोदशीच्या पानावर होते : "बिल्ले मोजले. सर्व बाहेर." अक्षर कार्यवाहांचे. फाटकावर तेच होते.

"भांडारपाल कोठे आहेत?"

"महादेवराव? ते कन्हानला पोरीकडे गेले. तब्येत ठीक नाही त्यांची."

आग लागावी, बिल्ले बदलावेत आणि ते सांभाळणाऱ्याची तब्येत बिघडून त्याने गाव सोडावे, या तीन गोष्टी एकाच पंधरवड्यात घडाव्यात, हे मला पटेना. महादेवराव पळाले, असे मी टिपणवहीत लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हानची बस पकडली.

बस कामठीपर्यंत बरी चालली आणि तेथे बंद पडली. वाहकाने आम्हांला खाली उतरवून ढकलायला लावले. माझी छत्री त्या गडबडीत बसमध्ये राहिली, ती पुढे सीटखाली सापडली. नदीवरचा पूल ओलांडताना खाली विस्तीर्ण वाळू आणि तिच्यातून दोन-तीन धारांनी जाणारे निळसर पाणी दिसले. पलीकडे कोळशाने काळवंडलेले ट्रक रांगेने उभे होते. महादेवरावांच्या मुलीने सांगितले की बाबा नदीवर बसले आहेत. रोजच बसतात.

ते घाटावर एकटेच बसले होते. मांडीवर फडक्याचे गाठोडे. मी नाव सांगितले तसे ते उठू लागले. मी बसा म्हणालो.

"मी वाटच पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, कोणी तरी येईन."

त्यांनी गाठोडे सोडले. आत माळ होती. लाल नाड्यात (पूजेच्या दोऱ्यात) ओवलेले पितळी बिल्ले, मध्ये मध्ये काळी पडलेली झेंडूची फुले, आणि कुंकवाने माखलेली एकच गाठ.

"मीच ओवले," ते म्हणाले. "दरसाल पंपाले फुलाचा हार घालतो. औंदा म्हटलं, पोरायचे बिल्लेही घालावं. पंपानं त्याईले सांभाळावं. अन् नवमीची गाठ आम्ही कोजागिरीपर्यंत सोडत नाही. आग लागली तशी पंप हारासकट घेऊन गेलो. कोणाच्या लक्षात नाही आलं. माह्याही नाही."

"मग येथे का आणले?"

"कार्यवाह म्हणाले, पूजेचं सामान हाय, कन्हानमंदी शिरवून (विसर्जित करून) या. रोज येतो. हात नाही होत."

चाळीस वर्षे न्यायालयात बसलेल्या माणसाने एवढ्यावर विश्वास ठेवावा, अशी माझी घडण नाही. मी सरळ म्हणालो, "ही गाठ आगीनंतर मारलेली नाही कशावरून?"

ते रागावले नाहीत. त्यांनी माळ माझ्या हाती दिली. "बिल्ला सरकवून पाहा."

मी वसंताच्या नावाचा बिल्ला नखाने सरकवला. पितळेवर सर्वत्र काजळी बसली होती. धूर आणि पंपाचे पाणी मिळून झालेला काळा, वाळलेला थर. पण शेजारचा बिल्ला जेथे त्याच्यावर टेकला होता तेथे चंद्रकोरीच्या आकाराची जागा नवमीला घासल्यासारखी लखलखीत होती. छिद्राजवळ नाड्याच्या जाडीची एक पिवळी रेघ होती. मी दुसरा सरकवला, तिसरा सरकवला. प्रत्येकावर तीच कोर आणि तीच रेघ. आग चालू असताना हे सर्व बिल्ले ओवलेले, पंपाच्या गळ्यात होते. फाटकावर कोणी काही मोजले नव्हते.

मुलीने घरून आणलेले पाणी त्यांनी मला आधी द्यायला लावले. "बाबूजींले दे वं पहिले." मग म्हणाले, "तुम्ही लिवणार ना?"

"लिहीन."

"मंग माहं नाव पहिलं लिवा. माळ मी ओवली. पोरगं माह्यामुळं जळालं. मंग त्याईचं लिवा, ज्यायनं खोटं लिवलं. माहं सोडून त्याईचंच लिवलं, तर ते म्हणतीन, म्हाताऱ्यानं आपलं झाकलं."

'महादेवराव पळाले' ही टिपणवहीतील ओळ मी त्यांच्यासमोरच खोडली.

परतल्यावर वसंताने माळ पाहिली. बराच वेळ तो पट्टी बांधलेल्या हाताने आपला बिल्ला हलवत राहिला. "महादेवकाकांचं नाव नका टाकू, मामा," तो म्हणाला. मी त्याला सांगितले की ते माझ्या हाती नाही. तेव्हा नलिनी प्रथमच मध्ये बोलली, "टाका, मामाजी. त्यांनी नाव सांगितलं, तवाच ह्यांचं नाव धुऊन निघून राहिलं."

मी साताऱ्यास परतलो आहे. माळ आणलेली नाही. ती दोन साक्षीदारांसमक्ष लाख लावून वसंताच्या घरी ठेवली आहे, आणि महादेवरावांचे सहीचे निवेदन तिच्याजवळ आहे. परतीच्या गाडीत मला वारंवार त्या तरुणांची कवायत आठवत होती. त्यांच्या नळ्या शाबूत होत्या, वायरलेस शाबूत होता, धैर्यही होते. वायरलेसमधून आलेल्या एका शब्दावर त्यांनी पाणी बंद केले, कारण फाटकावरचा माणूस मोजून बोलतो असा त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासावाचून कोणीही शहाणा माणूस दुसऱ्याच्या घराच्या आगीत पाऊल टाकणार नाही.

म्हणून पथकाच्या कार्यवाहांस माझे या लेखाद्वारे सांगणे आहे. मला खाजगी पत्र पाठवू नये; चहास बोलावू नये; घरची गोष्ट आहे असे म्हणू नये. येत्या रविवारच्या कवायतीला, पथकासमोर, मोहल्ल्यासमोर आणि माझ्या भाच्यासमोर त्यांनी त्रयोदशीचे पान उघडावे आणि एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मोठ्याने द्यावे : बिल्ले पंपाच्या गळ्यात होते, तर फाटकावर आपण काय मोजले?