गुजराती पाळकसाहेबांनी लावलेलं लग्न

भायखळ्याच्या आमच्या देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो) सकाळी मराठी उपासना व्हायची आणि दुपारी गुजराती. आम्ही मूळचे नगरकडचे, ते गुजरातेतल्या खेडा-आणंदकडचे. बाकं तीच, वेदी तीच; पण दारात सलाम करण्यापलीकडे ओळख नव्हती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि तो सलामही थांबला. गिरणीच्या कचेरीत कारकून असलेले माझे बाबा मोर्च्यात सगळ्यांत पुढे असायचे. गुजराती पाळकसाहेब समोर आले की ते मान फिरवायचे.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी गोळीबार झाला, गिरगावात संचारबंदी लागली. आमचे पाळकसाहेब तिकडेच राहायचे. सकाळी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे त्यांचा फोन आला, ‘निघता येत नाही.’ नवरदेव चौघांना घेऊन परळहून चालत आलेला. मी पांढरी साडी नेसून बसलेली. आई म्हणाली, “पुढं ढकलू या.” बाबांनी चपला घातल्या आणि गुजराती पाळकसाहेब राहायचे त्या देवळामागच्या खोल्यांकडे गेले.

तिथं काय झालं ते मला नंतर त्यांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी सांगितलं. बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले.

“माझ्या मुलीचं लग्न लावाल का?”

“आत तर या, भाई. लावतो की. पण माझी मराठी कच्ची. चुकलो तर?”

“मी पुढच्या बाकावर बसतो. अडलात की सांगेन.”

आणि खरंच बसले. पाळकसाहेब दोनदा अडले, दोन्ही वेळा बाबांनी हळूच शब्द पुरवला. मला नवऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली तेव्हा मात्र बाबांचाच आवाज फुटेना. पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “सावकाश, भाई. घाई नाही.”

आमचे पाहुणे अडकून पडलेले, पण बाकं रिकामी नव्हती. दंगलीच्या भीतीनं दोन दिवस खिडक्या लावून बसलेली मागच्या गल्लीतली गुजराती कुटुंबं पोराबाळांसकट आली होती. प्रभूची प्रार्थना त्यांनी त्यांच्या भाषेत म्हटली, आम्ही आमच्या. आमची आधी संपली. आम्ही थांबलो आणि आमेन मिळून म्हटलं. मग पाळकीणबाईंनी मोठ्या पातेल्यात शिरा आणला, कुणी गाठिया आणल्या. माझ्या लग्नाची पंगत ती एवढीच.

बाबांनी मोर्चे सोडले नाहीत, सोडायचं कारणही नव्हतं. मात्र रविवारी दुपारी ते पाळकसाहेबांकडे चहाला जायला लागले आणि मुंबई कुणाची यावर दोघं मोठमोठ्यानं भांडायला लागले. त्याच वर्षी नाताळची उपासना पहिल्यांदा एकत्र झाली. पुढे आमच्या थोरलीचा बाप्तिस्मा दोन्ही पाळकसाहेबांनी मिळून केला. एकानं पाणी शिंपडलं, दुसऱ्यानं प्रार्थना केली. ती मात्र दोघांच्याही हातात सारखीच रडली.

आता त्यांतलं कुणीच नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी अजूनही त्या सगळ्यांसाठी देवाचे आभार मानते.