पोपटाचं पथ्य

आमच्या घरात एकट्यानं जेवायला बसत नाहीत. कुठल्या पोथीत तसं लिहिलेलं नाही, घरातली पद्धत आहे. ज्याचं जेवण राहिलंय त्याच्यासमोर कुणीतरी बसायचं. पोट भरलेलं असलं तर वाटीभर ताक घेऊन बसायचं, पण बसायचं. किती पिढ्या बेंगळुरात काढल्या कोण जाणे, मराठी निम्मी कन्नड झाली, साड्या बदलल्या, सणांच्या तिथींवरून भांडणं झाली, पण ही पद्धत तेवढी टिकली.

मग अण्णा गेला आणि समोर बसायला कुणी उरलं नाही. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बनशंकरीच्या या घरात आम्ही दोघंच राहायचो. त्याचा संसार टिकला नाही, माझा सुरूच झाला नाही. लोकांना दोन्हींची कारणं हवी असतात. ती त्यांनी आपापली शोधावीत. तो गेल्यावर मी ताट वाढणंच सोडून दिलं. ओट्याशी उभं राहून पातेल्यातूनच चार घास खायचे आणि पातेलं घासायला टाकायचं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरी होती तोवर निदान दुपारचा डबा चारचौघींत व्हायचा. निवृत्त झाले आणि तेही संपलं. दिवसच्या दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे. भाजीवाल्याशी कन्नड, गॅसवाल्याशी हिंदी, आणि घरात कुणाशी काय बोलणार?

पोपट आला तो खालच्या मजल्यावरच्या बाईंमुळे. त्या मुलाकडे म्हैसूरला निघाल्या होत्या. पिंजरा आणि बियांची पिशवी माझ्या दारात ठेवून म्हणाल्या, “अक्का, स्वल्प नोडकोळ्ळी.” जरा सांभाळा. ‘जरा’ म्हणजे किती ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आपला हिरवा रानपोपट नव्हे, तो घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी जातीचा, कॉकटिएल म्हणतात तो. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर कुणी हळदकुंकू कालवून लावल्यासारखा नारिंगी ठिपका. बोलायचा नाही. शिट्टी मात्र अशी मारायचा की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसे.

पहिल्याच दुपारी मी ओट्याशी उभी राहून खात होते आणि तो शिट्टीवर शिट्टी मारत होता. पिंजरा टेबलावर आणला. तो गप्प झाला आणि माझ्याकडे बघत बसला. मी मुकाट्यानं ताट घेतलं, वाढलं, खुर्चीवर बसले. किती महिन्यांनी बसले असेन! पिंजऱ्याचं दार उघडलं तर पठ्ठ्या टेबलावरून टकटक चालत सरळ ताटाच्या काठावर येऊन बसला. पंगतीला आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? हुळी म्हणजे आमचं सांबार. ते कालवलेला, वर तूप घातलेला भाताचा घास मी त्याच्यापुढे ठेवला. मग हप्पळाचा तुकडा. हप्पळ म्हणजे पापड, पण आमच्या घरी पापड कुणी म्हणत नाही.

दोन वर्षं रोज एक वाजता आमची अशी पंगत बसली. मी त्याच्याशी मराठीत बोलायचे. आज वांगं कडू निघालं, शेजारच्यांनी पुन्हा माझ्या दारासमोर गाडी लावली, असलंच काहीतरी. तो हप्पळ कुरतडत ऐकायचा. खरं सांगते, मी सुखात होते.

मग तो धापा टाकू लागला. खिडकीपासून टेबलापर्यंत उडाला की शेपटी वरखाली व्हायची, चोच उघडी राहायची. चोच वाढलेलीही दिसत होती. मला वाटलं, वय झालं असेल. जे. पी. नगरमध्ये पक्ष्यांची एक डॉक्टर आहे असं कळलं, म्हणून घेऊन गेले. पोरगी पुण्याची निघाली. कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी सरळ मराठीत बोललं, आणि ते बोलणं म्हणजे चांगली खरडपट्टी होती.

“काकू, एकशे सव्वीस ग्रॅम! ओव्हरवेट आहे हा. ब्लड रिपोर्ट येऊ दे, पण लिव्हरला फॅट आलंय असं मला वाटतंय. खायला काय देता?”

मी सांगितलं. तूप म्हटल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. हप्पळ म्हटल्यावर कपाळाला हात लावला.

“मीठ, तूप, तळलेलं, सगळं आजपासून बंद. त्याचं खाणं म्हणजे पेलेट्स, उकडलेल्या बीन्स, गाजर, पालेभाजी. बिया अगदी थोड्या. रोज सकाळी वजन करायचं. आणि तुमच्या ताटातलं काहीही द्यायचं नाही. असंच चालू ठेवलंत तर हा फार दिवस काढणार नाही.”

तीस वर्षं मी कारखान्यात तपासणी विभागात होते, दुसऱ्यांच्या मालातले दोष काढण्यात हयात गेली. घरात माझ्याच हातून एक जीव मरायला लागला होता आणि मी त्याला आग्रह करकरून वाढत होते. रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन बसले, तेव्हा लाजेनं त्याच्याकडे बघवेना.

घरी येऊन मी तडकाफडकी बंदोबस्त केला. समोर ताट दिसलं तर तो मागणार आणि मला राहवणार नाही, हे मी स्वतःला ओळखून होते. म्हणून पिंजरा अण्णाच्या खोलीत नेला. वाटीत पेलेट्सच्या तयार गोळ्या, उकडलेल्या बीन्स, गाजराचे तुकडे ठेवले, दार ओढून घेतलं आणि पुन्हा ओट्याशी उभी राहून खाल्लं. आतून शिट्ट्या येत होत्या. मी नळ सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिट्ट्या कमी झाल्या. मला वाटलं, रुळला. वाटी तशीच भरलेली. तिसऱ्या दिवशी तो पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसला होता, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन एकशे दहा भरलं. पिंजऱ्यातल्या कागदावर विष्ठाही नावालाच, काळपट हिरवी. तिथूनच डॉक्टरला फोन लावला.

“पिंजरा कुठे ठेवलाय?” तिनं विचारलं.

“वेगळ्या खोलीत. माझं जेवण त्याला दिसू नये म्हणून.”

“अहो काकू, हे थव्यात खाणारे पक्षी. एकटे नाही खात. आधी त्याच्या नेहमीच्या बिया चमचाभर द्या, पोटात काहीतरी जाऊ दे. मग त्याला टेबलावर आणा आणि त्याच्यासमोर बसून तुम्ही खा. पण त्याचंच खाणं. मीठबीठ नाही. तुम्ही खाताय हे बघितलं की तो खाईल. तासाभरात काही खाल्लं नाही तर लगेच इकडे घेऊन या.”

मी बीन्स उकडल्या, गाजर उकडलं, दोन थाळ्यांत वाढलं. बिया त्यानं चार-पाच फोडल्या आणि थांबला. मी बीन्सची शेंग उचलून त्याला दाखवत चावली. चव कसली, ओल्या कागदासारखी लागली. दुसरी खाल्ली. तिसरी खात होते तेव्हा तो टकटक चालत आला, मान वाकडी करून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्याच थाळीतली शेंग ओढली. खाल्ली. मग गाजराचा तुकडा.

थोड्या वेळानं डॉक्टरचाच फोन आला. “खाल्लं का त्यानं?”

“खाल्लं.”

“बघा, एवढंच हवं होतं त्याला,” ती म्हणाली.

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. पोपटासाठी नव्हे. अण्णाला शेवटचे आठ महिने डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्याचा भात, त्याची भाजी मी वेगळ्या भांड्यात करायचे आणि ताट त्याच्या खोलीत नेऊन द्यायचे. माझी फोडणी, माझं लोणचं त्याला दिसू नये, जीव तळमळू नये, म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून मी इकडे जेवायचे. दया म्हणून केलं, अगदी मनापासून. तो चार घास खाऊन ताट सरकवायचा. “साकू गं,” म्हणायचा, पुरे गं. मी रागवायचे, इतकं राबून करते आणि तू तोंडही लावत नाहीस. भूक मेली असेल, आजारच तसा, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. थोड्या बिनमिठाच्या भाजीनं मला काही झालं नसतं. पण आठ महिन्यांत एकदाही तसलंच ताट स्वतःला वाढून घेऊन त्याच्यासमोर बसायचं मला सुचलं नाही. पोपटानं निदान शिट्ट्या मारल्या. अण्णानं मला कधी हाक मारली नाही.