मामा पाहुणे येतात

माझ्या बायकोच्या मामांना या जगात सगळं जमतं, फक्त पाहुणा होता येत नाही. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी तुम्ही कधीही जा, चपला काढायच्या आत आतून आवाज येतो, "या की, चहाला अगदी वेळेवर आलात." वीजमीटर बघायला आलेला माणूस तिथं पोहे खाऊन जातो. एकदा मुलगी बघायला निघालेली मंडळी पत्ता चुकून त्यांच्याकडे शिरली, तर मामांनी आधी त्यांना फराळ दिला, मग पुढच्या गल्लीतल्या खऱ्या घरी स्वतः नेऊन पोचवलं आणि मुलीची तारीफही करून आले. मुलीला त्यांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गावाकडची, सोयगावची भाचे-पुतणे मंडळी शहरात शिकायला आली की मामांच्या घरी राहायची. माझी बायकोही कॉलेजची सगळी वर्षं तिथंच होती. मामा पंगत वाढायचे आणि सगळ्यांचं झालं की स्वतः स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, पातेल्यात काय उरलंय ते बघून जेवायचे. मामांना एकदा तरी आधी बसवायचं आणि गरम गरम आपण वाढायचं, ही इच्छा तिनं तेव्हापासून मनात धरली होती. लग्नानंतर आम्ही जर्मनीत कोलोनला राहायला आलो, तसा तिनं मामा-मामींना बोलावण्याचा धोशाच लावला.

विमानतळावर आम्ही त्यांना घ्यायला गेलो. सामानाची गाडी ढकलत आलेल्या मामांनी माझा हात धरून विचारलं, "लई वेळ ताटकळलात का जावईबापू? काही खाल्लं का नाय?" आणि तिथल्या तिथं पिशवीतून दशम्या निघाल्या. "विमानात पण हेच," मामी थकल्या आवाजात म्हणाल्या. "शेजारच्या गोऱ्या बाईला आपलं जेवण दिलं. ती नको म्हणत होती, यांना वाटलं लाजतीय." दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत बाहेर आलो तर टेबलावर चहा तयार. "बसा, दमलेले दिसताय," मामा म्हणाले. माझ्याच घरात मी संकोचून खुर्चीच्या कडेवर बसलो आणि साखर मागावी की नाही याचा विचार करू लागलो.

त्यांना फिरवून आणणं हा तर वेगळाच प्रकार होता. इथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर जायला अरुंद, गोल गोल जिना आहे. मामा मध्यावरच भिंतीला चिकटून उभे राहिले आणि वर जाणाऱ्या, खाली येणाऱ्या प्रत्येकाला "या, या, सावकाश, पायरी झिजलेली हाय" म्हणत वाट देऊ लागले. त्यांना सोडून आम्ही तरी वर कसे जाणार? मनोरा बंद व्हायची वेळ झाली तेव्हा आम्ही अर्ध्यातूनच उतरलो. कसं वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "लोक लई चांगले होते." ऱ्हाइन नदीतल्या बोटीवर दोन्ही काठांच्या डोंगरांवर किल्ले दिसत होते आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून एका जपानी जोडप्याला चिवडा वाढत होते. एकदाच त्यांनी मान वळवून एक किल्ला बघितला आणि त्या जोडप्याला मराठीतच सांगितलं, "आमच्या दौलताबादला या एकदा. उतरायचं मात्र आपल्याच घरी."

आमच्या खाली तळमजल्यावर एक म्हातारे जर्मन गृहस्थ एकटे राहतात. आमच्या मिक्सरच्या आवाजाबद्दल त्यांनी एकदा तक्रार केली होती. तेव्हापासून जिन्यात भेट झाली तर दोन्हीकडून फक्त मान हलायची. एका रविवारी मामा त्यांना चक्क हाताला धरून वर घेऊन आले. "एकटंच जेवत होतं बिचारं. खिडकीतून दिसलं." वांग्याचं भरीत खाताना आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी बोटानं खूण करून आणखी मागितलं. मग ते अधूनमधून येऊ लागले. ते जर्मन बोलत, मामा मराठी, आणि दोघंही एकमेकांना दुजोरा देत.

या सगळ्यात बायकोचा बेत काही तडीस जाईना. "मामा, आज तुम्ही आधी बसा," असं ती रोज म्हणायची. "बसतो की. आधी यांना वाढ," हे उत्तर ठरलेलं. एकदा ती खरंच चिडली. "मामा, मला कधी वाढूच द्यायचं नाही का तुम्हाला?" मामा चपापून ताटावर बसले. दुसऱ्या घासाला आजोबांचा पेला रिकामा दिसला, आणि उठले.

परतीचे दिवस जवळ आले आणि मामांना सणकून ताप भरला. डॉक्टरांनी पलंगावरून हलू नका म्हणून बजावलं. बायको मऊ भात, वर तूप आणि मेतकूट घेऊन गेली. मामांनी कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, पण ते जमेना.

"तू जेवलीस का, पोरी?"

"नाही. तुमचं झालं की जेवते."

मामा पुन्हा उशीला टेकले. मग लहान मुलासारखे, एकेक घास, शेवटपर्यंत जेवले. "लई अवघड असतं हो हे, जावईबापू," ते मला म्हणाले. "हातावर हात ठेवून दुसऱ्याचं खायचं." मग तिला म्हणाले, "मीठ बरोबर हाय." रिकामी ताटली घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. नळ वाहत असल्याचा आवाज बराच वेळ येत होता, भांड्यांचा मात्र आला नाही.

मामा बरे होऊन परत गेले. सोयगावची पोरं आता होस्टेलवर राहतात, मोबाइलवर जेवण मागवतात, सणासुदीला येऊन पाया पडून जातात. परवा व्हिडिओ कॉल केला तेव्हा मामा ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या मागं अंगणाचं फाटक सताड उघडं दिसत होतं.

"कोणी यायचंय का, मामा?" हिनं विचारलं.

मामांनी वळून रस्त्याकडे पाहिलं.

"नाय गं," ते म्हणाले. "पण लावून तरी कशाला घ्यायचं."