सोनवणे बाईंचं पथक

अण्णासाहेबांनी सोनवणे बाईंना फसवलं. अण्णासाहेब म्हणजे आमच्या सावद्याच्या शाळेचे संस्थाध्यक्ष, आणि बाई तिथं प्राथमिकच्या वर्गांना शिकवत. चूक अध्यक्षांनी केली, नोकरी बाईंची गेली. गावात याहून वेगळं जे काही बोललं जातं ती सारवासारव आहे.

मी केळीचा व्यापारी. आधी खांद्यावर घड वाहिले, मग गाडी घेतली, मग गाड्या. सौदा करताना समोरच्याला घाम फुटेपर्यंत मी सोडत नाही, हे तालुक्याला ठाऊक आहे. मला घाम फोडणारं माणूस एकच भेटलं. ते पंचाऐंशीच्या आसपासचं साल असेल. गाडी भरणं चालू होतं आणि एक किडकिडीत बाई छत्री टेकत थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमची भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर कुठं थांबते?"

"कामून? गाडी घ्यायची का बाई?"

"घ्यायची नाही. पोरांना दाखवायची आहे."

शाळा स्टेशनच्या रस्त्यावर. स्टेशनात वॅगन लागली की केळीच्या गाड्या सुसाट सुटत, आणि शाळा सुटायची वेळही नेमकी तीच. मी म्हणालो, घड चेंगरतील, जमणार नाही. बाई हलेनात. मी रिकामी गाडी देतो म्हणालो, त्या भरलेलीवर अडून बसल्या. मी पुढच्या महिन्याचं बोललो, त्यांनी येता रविवार धरला. शेवटी रविवारी भरलेली गाडी शाळेच्या मैदानात गेली, आणि स्टिअरिंगवर मीच होतो. माझ्या हातून सौदा असा कधी निसटला नव्हता.

बाईंनी फक्कीची रेघ मारली होती. रेघेच्या बऱ्याच पुढं लिंबाची एक फांदी रोवली होती. पोरं ओट्यावर बसलेली. रेघेवर मी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली, फांदी चाकाखाली मोडली, तरी गाडी पुढंच. बाई मूळच्या धुळ्याकडच्या. एरवी शुद्ध बोलत, पण रागात किंवा फार मनापासून बोलताना अहिराणीवर येत. त्या म्हणाल्या, "दखं ना? गाडी आपला ताबामा नही. पाय आपला ताबामा शेतस."

या एका वाक्यावर त्यांचं पथक उभं होतं. तिसरी-चौथीतली पोरं, दंडाला पिवळी पट्टी. पथकानं गाडी थांबवायची नाही, पोरं थांबवायची. केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीची, म्हणजे सोपटाची, वळलेली जाड दोरी दोघांनी रस्त्याच्या कडेला आडवी धरायची, बाकी सगळ्यांनी तिच्या मागं. बाई स्वतः दोन्हीकडं बघत, रस्ता मोकळा झाला की "दोरी खाली" म्हणत, मग सगळे एकदम चालत पार. पळायचं नाही. पथकातल्या पोरानं डांबरावर पाऊल टाकायचं नाही. मैत्रिणीला आधी सोडायचं नाही. शिट्टी तर नाहीच. "शिट्टी तोंडात आली की पोराला वाटतं आपण पोलीस झालो. ट्रकला तसं वाटत नाही," असं बाई म्हणत.

माझी मीना त्या पथकात होती. एकदा अण्णासाहेबांचा नातू दोरीखालून निसटू लागला, तर हिनं त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. घरी मी तिला पेढा भरवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिची पट्टी काढून घेतली. मी तणतणत शाळेत गेलो.

"माह्या पोरीनं त्याले वाचवलं, अन् शिक्षा तिलेच? अध्यक्षाचा नातू म्हणून?"

"नातवाला आठवडाभर सगळ्यांच्या शेवटी सोडणार आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण भाऊ, पथकातल्या पोराचा हात आडवा होतो, वर होत नाही. आज मारणारी उद्या दमदाटी करेल. आणि पेढा तुम्ही दिला म्हणे. पुढच्या वेळी आधी मला विचारा."

मीनाला पट्टी परत मिळाली ती रडून नाही, महिनाभर रोज दोरी गुंडाळून ठेवल्यावर.

मग संस्थेच्या कार्यक्रमाला कोणी मोठे पाहुणे यायचे ठरले. अण्णासाहेबांनी पथकासाठी लाल झेंडे, टोप्या आणि शिट्ट्या आणल्या. पाहुण्यांची जीप येताना पोरांनी रस्त्यात उभं राहून दोन्हीकडची वाहतूक अडवायची, म्हणजे फोटो झकास येईल. मीनानं मला नंतर दवाखान्यात सांगितलं आणि सगळ्या शाळेनं डोळ्यांनी पाहिलं, ते असं. बाईंनी पोरांच्या गळ्यातल्या शिट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "माझी पोरं रस्त्यात उतरणार नाहीत." अण्णासाहेब हसले. "बाई, तुम्ही आत जा. औक्षणाचं ताट बघा. पाहुण्यांना ओवाळायला कोणी नको का?" बाई जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा हेडमास्तरांनी लेखी आदेशाची भाषा केली आणि त्यांना आत पाठवलं. बाई आत गेल्या, शिट्ट्या पुन्हा गळ्यात आल्या. मीनाला अध्यक्ष स्वतः म्हणाले, "तू हुशार. मधोमध उभी राहा. जीप येईपर्यंत एकही गाडी सोडू नको."

सांगितलेलं काम सोडायचं नाही, हे पथकात शिकलेली पोर ती. भरलेली गाडी आली. बाहेरगावची होती, ड्रायव्हरनं जीव तोडून ब्रेक दाबला. मैदानात लिंबाच्या फांदीचं झालं तेच मीनाच्या पायाचं झालं.

जळगावच्या दवाखान्यात पाय वाचला, पण वाकडा राहिला. अण्णासाहेब मोसंब्या घेऊन आले. म्हणाले, "देविदासभाऊ, पथक बाईंचं, पोरगी पथकातली. बाप म्हणून तुम्ही बाईंविरुद्ध तक्रार द्या. पोरीच्या पुढच्या शिक्षणाचं संस्था बघेल."

मी म्हणालो, "अण्णासाहेब, वर हिरवे घड रचून खाली काळे घालणारे मी रोज पाह्यतो. हा माल मले दाखवू नका." त्यानंतर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नर्स धावत आली. मोसंब्या मी त्यांच्या मागं जिन्यावरून फेकल्या.

माझ्या तक्रारीवाचूनही त्यांनी बाईंना काढलंच. हेडमास्तर खाली मान घालून बसले. बाकीचे मास्तर, ज्यांनी सगळं पाहिलं होतं, त्यांना काही आठवेना. बाईंना पिंपळनेरकडं एका आश्रमशाळेत नोकरी मिळाली. त्यांना सोडायला मी एसटी स्टँडवर गेलो.

"बाई, भांडा. वकील मी देतो. मीना साक्ष देईल, सारे पोरं देतील."

"चौथीतल्या पोरीला उभं करून विचारतील, तू रस्त्यात का उभी राहिलीस?" बाई म्हणाल्या. "एकदा विचारलं की ती जन्मभर स्वतःलाच विचारत बसेल. नको भाऊ. तिचा पाय वाकडा झाला तेवढं पुरे."

"म्हणजे तुमचं नाव खराब झालं तरी चालेल?"

"नही चालाव," त्या एकदम अहिराणीत कडाडल्या. "पण पोरनी पाठवर बसीसन मी मन्हं नाव धुवाव नही."

मला तेव्हा त्यांचाही राग आला होता, आणि तो आजही गेलेला नाही. एवढं शहाणपण लबाडांच्या पथ्यावर पडतं.

नंतर एकदा साक्रीला कामानिमित्त गेलो तेव्हा वाट वाकडी करून पिंपळनेरला गेलो. बाई थकलेल्या दिसल्या. पण शाळा सुटताना पोरांची रांग कडेला थांबली, आणि बाईंनी दोन्हीकडं बघून हात खाली केला. मला चहा पाजला. मीना कशी चालते, हे तीनदा विचारलं. दोन वर्षांनी त्या कावीळ होऊन वारल्याचं कळलं, तेही उशिरा.

आणि आता, गेल्या महिन्यात, अण्णासाहेबांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. ते माईकवर म्हणाले, "मुलांच्या सुरक्षेसाठी पथक आम्हीच सुरू केलं होतं. दुर्दैवानं एका शिक्षिकेच्या हलगर्जीपणामुळं ते बंद करावं लागलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, तर दोघांनी मला खाली बसवलं.

घरी आल्यावर मीनाला सांगितलं. तिचं लग्न झालंय, पदरी लेकरू आहे. ती म्हणाली, "आबा, बाईंनी मला विचारू दिलं नाही, कारण मी लहान होते. आता विचारा म्हणावं अण्णासाहेबांना. मी सांगते."

तर अण्णासाहेब, ज्या माईकवर तुम्ही बोललात त्याच माईकवर या. समोर मीना उभी राहील. त्या दिवशी बाईंना आत कोणी पाठवलं आणि माझ्या पोरीला रस्त्याच्या मधोमध कोणी उभं केलं, हे गावासमोर तुमच्या तोंडानं सांगा. मी वाट बघतोय.