सांध्यात थेंब नको

आमच्या शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांइतका भित्रा माणूस साऱ्या लातुरात नव्हता, आणि ते गेल्यापासून मला वाटतं, इतक्या काळजीनं भिणारं आता कुणी उरलंही नसेल. हाडात खिळे ठोकताना ते कधी भ्याले नाहीत. ते भीत जंतुनाशकाच्या बाटलीला. कातडीवर लावायचं औषध जखमेतून सांध्यात शिरलं, तर जंतूंबरोबर हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेतल्या जिवंत पेशीही मरतील, ही ती भीती. पूर्वी एका बाईंचा गुडघा त्यांनी कडक औषधानं आतून धुतला होता. जखम सुरेख भरली, आणि मग गुडघा हळूहळू आखडत गेला. औषधानंच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, पण तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाजारातून बकऱ्याचे पाय आणून ते निरनिराळ्या औषधांत बुडवत आणि खिडकीशी धरून कूर्चेची चकाकी न्याहाळत. "लोकांच्या घरी पाया शिजतो," त्यांच्या बेगमसाहेबा आमच्या हिला सांगत, "आमच्याकडे त्याच्यावर इलाज चालतो." डॉक्टर मात्र हसत नसत. "डोळ्याला काहीच दिसून नाही राहिलं, मास्तर. पेशी मरताना आवाज करत नाही. दहशत त्याचीच आहे."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. त्या दुष्काळात टँकरपाशी घागर घेऊन धावताना आमची ही पत्र्यावर पडली आणि गुडघा आत सांध्यापर्यंत उघडला. डॉक्टरांच्या दवाखान्यात जखम धुवायच्या सलाईनच्या बाटल्याही संपल्या होत्या. कंपाउंडरनं जंतुनाशकाची मोठी बाटली पुढे केली. आमच्याकडे औषध झोंबल्याशिवाय ते लागू पडलं असं कुणी मानत नाही. शिरूर अनंतपाळहून मुक्कामाला आलेले माझे सासरे ओरडले, "अहो डागदर, वता की! पोरगी वरडल्याबिगर घाण जाती व्हय?"

"कातडीवर पाहिजे तेवढं लावतो, मामा. सांध्यात थेंब नको."

"आन् पाय सडला म्हंजे?"

डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. "त्याचीही भीती वाटून राहिली," ते म्हणाले. मग त्यांनी जखम स्वच्छ कापडानं झाकली आणि सलाईन मागायला गावातल्या दवाखान्यांकडे स्कूटर काढली. पाठीमागे कुणी ओतू नये म्हणून जंतुनाशकाची बाटली बगलेत मारूनच गेले. परतले ते भाजीच्या पिशव्यांत सलाईनच्या बाटल्या भरून. सगळ्या त्यांनी त्या एका गुडघ्यावर ओतल्या.

पुढे हिला ताप चढला. "घ्या, न झोंबणारं औषध!" सासरे म्हणाले. मी हातातलं पुस्तक उघडत नव्हतो, खालीही ठेवत नव्हतो. पांघरुणाबाहेर आलेली तिची बोटं हलतात का, एवढंच पाहत होतो. डॉक्टर येत, हाताच्या पाठीनं गुडघ्याची ऊब पाहत, व्हरांड्यात जात, लगेच परत येत.

"चुकलो असेन तर पाय जाईल, मास्तर."

"आणि औषध आत ओतलं असतं तर?"

"तर चुकलो का, ते वर्षभरानं कळलं असतं."

इंजेक्शनं चालू राहिली. एका सकाळी तिचा ताप उतरला. डॉक्टरांची भीती मात्र कधीच उतरली नाही. पुढे कित्येक वर्षं ते कुंपणावरून विचारत, "भाभी, दुखतंय का?" 'नाही' म्हटलेलं त्यांना पटत नसे; चेहरा आणखीच उतरे. 'थंडीत थोडं' म्हटलं, की आत येत, गुडघा वाकवून पाहत, कान लावून ऐकत, आणि चहा घेऊन जरा शांत होऊन जात.

ते गेले त्या दिवशी ही त्यांच्या घरी बायकांमध्ये सतरंजीवर मांडी घालून दुपारभर बसली होती. संध्याकाळी घरी आली, पायऱ्या चढली आणि दारातच थांबली.

"कधीच दुखला नाही हो," ती म्हणाली. "ते जरा बसावेत म्हणून म्हणायची मी."