डेक धुवायला आलेली माणसं

चेन्नईत, समुद्राच्या इतक्या जवळ, लाकडी डेक करून घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मी बायकोला पहिल्या दिवसापासून सांगत होतो. खारी हवा, बारा महिने घाम, त्यात दिवाळीच्या सुमाराला कोसळणारा पाऊस. लाकूड टिकणार कसं? पण मी निवृत्त झालो आणि हॉलबाहेरच्या उघड्या गच्चीवर तिला फळ्याच हव्या झाल्या. "बँकेत जन्मभर फरशीवर पाय आपटलेत. आता जरा लाकडावर बसा," असं म्हणून तिने विषय संपवला. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून तिथे समुद्राची एक पट्टी दिसते. तेवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

बायको पडली मात्र न्हाणीघरात. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिने अंथरूण धरलं. पावसाळाभर डेककडे कुणी पाहिलं नाही. फळ्या काळ्या पडल्या, वर हिरवं शेवाळ धरलं, टोकाची एक फळी फुगून उचलली गेली. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी तिला वॉकर धरून चार पावलं चालवायची, तेव्हा ती काचेच्या दारापर्यंत जाऊन थांबायची. "एकदा बाहेर बसवा हो मला," एवढंच म्हणायची. दुसरं काही तिने मागितलं नाही. डॉक्टर आता हाडाविषयी कमी आणि छातीविषयी जास्त बोलत होते. त्याचा अर्थ मला कळत होता आणि मला भीती वाटत होती.

खराटा घेऊन मी स्वतःच उतरलो आणि पहिल्याच पावलाला घसरलो. कठडा हाताशी होता म्हणून वाचलो. एका घरात दोन मोडके खुबे नकोत, म्हणून मग लाकडी डेक धुऊन, तेल लावून देणाऱ्या इथल्या माणसांना फोन केला.

सकाळी मेस्त्री आणि त्याची दोन माणसं आली. मी दार उघडलं, तर तिघंही चपला लांब लिफ्टपाशी काढून उभे. आत येईनात. मेस्त्री खाली मान घालून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "सार, आम्ही नंतर येऊ का? मशीनचा आवाज होतो. घरात असं झालेलं असताना..."

"असं म्हणजे कसं?"

दारासमोरच्या स्वच्छ पुसलेल्या फरशीकडे त्याने नुसतं पाहिलं. तिथे कोलम नव्हतं.

सुतकात रांगोळी नसते हे आपल्यातही आहे. पण या गावात सकाळी दारापुढे तांदळाच्या पिठाचं कोलम नसलं, की जिन्यावरून जाणारा माणूससुद्धा आवाज खाली घेतो. बायको इथे आल्यावर शेजारणीकडून शिकली होती. आधी आपली रांगोळी, मग पीठ, मग ते ठिपक्यांभोवती फिरणारं अवघड वळण. ती पडल्यापासून ते बंद होतं. फरशी रिकामी आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "आत आहे ती! जिवंत आहे! चहा पितेय!" माझं तमिळ बाजारहाटापुरतं, त्यामुळे अर्धं मी मराठीतच ओरडलो. "अय्यो, सार," म्हणत मेस्त्रीने दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

आतून तिचा आवाज आला, "कोण गेलं हो?"

"तू गेलीस म्हणतायत."

ती खूप हसली. हसता हसता खोकला सुरू झाला आणि तो लवकर थांबला नाही. मेस्त्री दारातच उभा राहून तो ऐकत होता.

मग मात्र त्यांनी मनापासून काम केलं. शेवाळ घासून काढलं, मशीनने फळ्या धुतल्या, फुगलेली फळी बदलली, सगळं वाळल्यावर तेल चढवलं. तेल मुरेपर्यंत पाय ठेवायचा नाही, असं बजावून ते गेले. तोवर काय करायचं म्हणून तिने मला पिठाचा डबा आणायला लावला. "परत कुणी मला मारायला नको," म्हणाली. पलंगावरून ती ठिपके सांगायची आणि मी दारात वाकून काढायचो. माझा हात कापतो. रेघ मोडक्या साच्यातून पडलेल्या चकलीसारखी आली. फोनवर फोटो दाखवला तर म्हणाली, "हे बघून तर लोकांची खात्रीच पटेल."

ती बाहेर बसली. खुर्चीत, पाय फळ्यांवर टेकवून, समुद्राच्या पट्टीकडे बघत. "बसलात की नाही शेवटी लाकडावर?" असं मला विचारलं. अशा थोड्याच संध्याकाळी मिळाल्या. ऊन तापायच्या आत तिला ताप आला, तो छातीत उतरला, आणि हॉस्पिटलमधून ती घरी आली नाही.

सुतकात दारापुढची फरशी रिकामी राहिली. या वेळी ते बरोबर होतं. दिवसपाणी झाले, पुण्याहून आलेली आमची मुलगी परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिठाचा डबा घेऊन दारात बसलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ती फरशी बघवत नव्हती. शेजारीण बाहेर आली, क्षणभर थबकली आणि आत गेली. तेव्हापासून मी रोज काढतो. रेघ अजून सुधारलेली नाही.

पुन्हा पाऊस होऊन गेला. डेक पुन्हा काळा पडला. मी तिथे बसत नाही. पण तो तसाच सडू दिला असता तर तिने मला फाडून खाल्लं असतं, म्हणून मी मेस्त्रीला बोलावलं.

या खेपेला त्याने चपला दारापाशीच काढल्या. कोलमवर पाय पडू नये म्हणून बाजूने वळसा घेतला, मग थांबून वाकून पाहिलं आणि हसला.

"अम्मांचा हात अजून कापतो वाटतं, सार."

मी बोलायला तोंड उघडलं. त्याचा चेहरा इतका खूश होता.

"हो," मी म्हणालो. "कापतो."

"झोपल्यात?"

मी मान डोलावली. त्याने आपल्या माणसांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. "मशीन हळू लावतो," तो मला कुजबुजत म्हणाला आणि ते तिघं पाय न वाजवता डेककडे गेले.

मशीन सुरू झालं. मी आत तिच्या खोलीपाशी गेलो आणि आवाज जाऊ नये म्हणून दार हलकेच लोटून घेतलं.