भरतीच्या वहीतली पुसलेली पानं

कोणी वाचलंच तर आधीच माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर म्हणजे चिखलातले कोंबडीचे पाय. कोरगावच्या शाळेत चौथी झाले आणि घरी बसले, पुढे लग्न होऊन आमोण्यात आले. ही वही मुलीची. मागची पानं कोरी उरली आहेत. पुढच्या पानांवर मी जे केलं ते याच वहीत लिहिलेलं असावं, म्हणून लिहिते.

आमच्या घरामागे नदी आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की मी खुबे काढते, म्हणजे काळे शिंपले, आणि डिचोलीच्या बाजारात नेऊन विकते. पाण्याची वेळ काढायला सासूबाईंनी शिकवलं. कॅलेंडरावर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. तिथून सहा तास मागे-पुढे ओहोटी. पाऊणकी मला शाळेपासून पाठ. माझं गणित तेवढंच, पण त्याच्यावर पंचवीस वर्षं चूल पेटली.

मुलगी अकरावीत गेली तेव्हा तिने विचारलं, "आई, पाऊणच का गो? अर्धा का नाही?"

"सासूबाईंनी सांगितलं म्हणून."

तिचं समाधान झालं नाही. धक्क्याच्या खांबावर तिने रंगाने खुणा केल्या आणि रोज उजेडातली भरती बघून वेळ वहीत लिहायला लागली. एका रकान्यात माझा हिशेब, शेजारी खरी वेळ. तिचे वडील नदीतून माल नेणाऱ्या बार्जीवर कामाला. ते म्हणायचे, "आम्हांला पगार देऊन पाणी बघायला लावतात, ही फुकट बघते."

बारावीत तिने बाहेरच्या राज्यातल्या एका विज्ञानाच्या कॉलेजात अर्ज करायचं ठरवलं. तिथे थोड्याच मुलांना घेतात. मार्क सगळ्यांचेच चांगले असतात, म्हणून अर्जात लिहायचं होतं की गणित-विज्ञानाची ओढ तुम्ही कशी दाखवलीत. तिच्या वर्गातल्या एका मुलीकडे स्पर्धांच्या सर्टिफिकिटांची फाइल होती. माझ्या मुलीकडे ही वही. फी आणि गाडीभाड्यासाठी मी बायकांच्या बचत गटातून कर्ज घेतलं.

ती शाळेत गेली असताना एकदा मी वही उघडली. दोन रकाने मला वाचता येत होते. कुठे अर्ध्या तासाचा फरक, कुठे पाऊण तासाचा. एवढी शिकलेली माणसं ही वही बघणार आणि पानोपानी माझा हिशेब चुकलेला! मी रबर घेतलं. दोन महिन्यांच्या खऱ्या वेळा पुसल्या आणि माझ्या हिशेबाच्या वेळा लिहिल्या. आकडे तिच्यासारखे काढायला दुपार गेली. वाटलं, मुलीचं काम नीटनेटकं करून दिलं.

पुढच्या आठवड्यात ती आलेख काढायला बसली. थोड्या वेळाने मला हाक मारली.

"आई, हे बघ. इथपर्यंत ठिपके वरखाली आहेत आणि इथून एकदम सरळ रेघ. पाणी इतकं शहाणं कधीपासून झालं?"

मी भांडी घासत होते, घासतच राहिले.

"आई, तू वहीला हात लावलास?"

"चुकलेलं होतं ते नीट केलं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पान उजेडाकडे धरून पुसलेलं वाचता येतं का ते बघत बसली. येत नव्हतं. मग म्हणाली, "आई, जिथे तुझा हिशेब चुकतो, तिथेच तर मला बघायचं होतं."

अर्जाला वीस दिवस उरले होते. मी म्हटलं, सरळ रेघच पाठव, कोणाला कळतंय?

"मला कळतंय ना," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी पंधरा दिवस धक्क्यावर गेलो. ती खुणा बघायची, मी घड्याळ सांगायची. बाजार चुकला, त्या महिन्याचा गटाचा हप्ताही चुकला. पण मला पहिल्यांदा दिसलं की पंचमी-षष्ठीला पाणी माझ्या हिशेबाच्या आधी भरतं आणि दशमीला मागे राहतं. पंचवीस वर्षं मी चिखलात कधी लवकर, कधी उशिरा जात होते आणि दोष पायांना देत होते. चंद्र आणि सूर्य दोघेही पाणी ओढतात, कधी एकाच बाजूला, कधी वेगवेगळे, असं तिने मला सांगितलं. मला अर्धं कळलं.

अर्जात तिने सगळं लिहिलं. दोन महिन्यांच्या नोंदी आईने बदलल्या, त्या मी धरलेल्या नाहीत, पंधरा दिवस पुन्हा मोजलं आहे. मी म्हटलं, "तेवढं गाळ गो. खोटारडीची मुलगी म्हणतील आणि अर्ज फेकून देतील."

तिने गाळलं नाही. मुलाखतीचं पत्र येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. माझ्या रबरामुळे तिची जागा जाणार, हेच डोक्यात.

मुलाखतीला मी बरोबर गेले आणि बाहेर बाकावर बसले. ती पाऊण तासाने बाहेर आली. म्हणाली, "बाकी थोडंच विचारलं. सगळा वेळ पुसलेल्या पानांवर गेला. एका बाईंनी विचारलं, नोंदी बदलल्यात हे कशावरून ओळखलं? मी म्हटलं, फारच बरोबर येत होत्या."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"हसल्या. हे अर्जात लिहिलंस म्हणून आईला राग आला का, असं विचारलं."

तिला जागा मिळाली. आता ती तिथे होस्टेलात असते. मी अजून पाऊणकीवरच नदीत जाते, फक्त दशमीला थोडी उशिरा निघते.

मागच्या आठवड्यात गटात शेवटचा हप्ता भरायला गेले. वही सांभाळणारी बाई म्हणाली, "वयनी, तुझा एक महिना चुकलेला दिसतोय. पैसे नंतर दिलेसच, तर मी तिथे भरला असं लिहिते. पान स्वच्छ दिसेल."

मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी म्हटलं, "नको. चुकला तो चुकलाच राहू दे."

तिने तसंच ठेवलं. खाली मी सही केली. कर्ज पूर्ण फिटलं.